हिरव्या दोऱ्याची माशी

नाझिफकाका प्लिवा नदीकाठी चाळीस वर्षं मासे पकडायला खोट्या माश्या बांधत आले. गळावर दोरा गुंडाळायचा, वर हरणाचे चार केस, की झाला किडा. मे महिन्यात संध्याकाळी नदीच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांना पंख फुटतात, ते खायला ट्राउट मासे वर येतात. त्या दिवशी ज्या रंगाचा किडा निघाला असेल त्याच रंगाची माशी खातात. दुसरीकडे ढुंकून बघत नाहीत.

"ज्या दिवशी माझा रंग चुकेल," काका सगळ्यांना ऐकवायचे, "त्या दिवशी गळाची काठी देऊन टाकीन."

दोन वर्षांपासून नजर अधू होऊन त्यांना रंग कळत नव्हते. हे फक्त मला, पुतणीला, ठाऊक होतं. डबीत हिरवा दोरा डावीकडून तिसरा, तपकिरी पाचवा; काका बोटांनी मोजून घ्यायचे. त्या दिवशी झेय्फाकाकूने डबी पुसून लख्ख केली आणि दोरे हाताला येतील तसे ठेवले.

पुलाखालच्या कोळिष्टकात अडकलेला त्या दिवशीचा किडा मी काढून आणला.

"पोट कुठल्या रंगाचं?"

"हिरवं, काका."

त्यांनी तिसरा दोरा काढला. तपकिरी! माशी बांधली, माझ्यासमोर धरली. "हिरवीगार ना गं?"

"हो," मी म्हटलं. नाही म्हटलं असतं तर काठी गेली असती.

पाणी नुसतं उकळत होतं माशांनी. काकांची माशी वाहत यायची, एखादा ट्राउट तिच्याखाली तरंगत यायचा, निरखायचा, वळायचा.

"दोरी जाड असेल," काका म्हणाले. दोरी बदलली. मग जागा बदलली. तासभर एक नाही.

खाली शेजारच्या देर्वोने चौथा मासा ओढला. "काय नाझिफ, माशीला पोहायला शिकवतोयस का?" हसत हसत वर आला, काकांची माशी चिमटीत धरली. "अरे, ही तपकिरी कशाला? आज हिरवा चाललाय!"

काका माझ्याकडे वळले. मग काठी देर्वोच्या हातात दिली.

"थट्टा केली रे मी," देर्वो म्हणाला. "घे ना."

"ठेव."

काठावरून वर रस्त्याकडे जाताना मी त्यांचा हात धरला. "काका, पुढे पायरी आहे."

ते थांबले. हात सोडवून घेतला, आणि पायाने चाचपून पाहिलं.