डाव्या हाताची धार

दाजी गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी विठ्ठलवाडीच्या घरी चहा गाळत होतो. त्याला आता दीड महिना झाला. दिवसकार्य उरकलं, तरी त्यांची आठवण आली की मला आधी हसूच फुटतं... माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे हे यजमान अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते आणि एकदा डोक्यात किडा वळवळला की कुणाचं ऐकायचे नाहीत.

नव्वदच्या आसपास ताईचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच सांधलं. विळी सुटली. विकतची सुरी डाव्या हातात तिरकी पळायची. शेजारणीने चिरून दिलेल्या भाजीला फोडणी घालताना ताईचा चेहरा बघवत नसे. दाजींनी ठरवलं, जुन्या कानशीच्या पोलादातून डाव्या हाताची सुरी घरीच करायची. उजवीकडे सपाट, डावीकडे उतार. पण दगडी चाकावर घासताना दोन पाती तापून निळी पडली. निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. "आता पट्ट्याचं ग्राइंडर बघायचं. हळू फिरणारं," दाजी म्हणाले आणि तिसरं पातं पिशवीत टाकून मला घेऊन उल्हासनगरला निघाले.

काय तो दिवस! पहिल्याच दुकानात मशीन असं सुसाट, की ठिणग्यांचा नुसता पाऊस. मी तर भाळलोच. दाजींनी पातं क्षणभर टेकवलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "हेही पातं जाळणार. चल." पुढच्या दुकानातल्या सिंधी शेठला त्यांनी आपल्या खास हिंदीत सांगितलं, "हमको बेल्ट का मशीन मंगता है, घर में काम करने का." शेठ हसले. "पीछे की गली में जाओ, साईं. उधर सब बेल्टवाले हैं." आम्ही हुरूपाने गेलो तर काय, पँटच्या बेल्टचा कारखाना! मालकाने विचारलं, "कितने दर्जन?" मी हसून हसून खाली बसलो. दाजींचं मात्र लक्षच नव्हतं. कोपऱ्यात दोन चाकांवर एमरीचा खरखरीत, घासायचा पट्टा संथ फिरत होता आणि कारागीर त्यावर कापलेल्या चामड्याच्या कडा घासत होता. दाजींनी पिशवीतून पातं काढून सरळ त्यावर दाबलं. "अरे, वो चमड़े के लिए है!" मालक ओरडला. दाजींनी पातं गालाला लावलं. "थंड आहे रे! थंड आहे!" भर कारखान्यात ते नाचायचेच बाकी होते. मालकाला काय वाटलं कोण जाणे, त्याने पोत्यांखालचं तसलंच एक जुनं मशीन देऊन टाकलं.

दाजींच्या हेंद्रेपाड्याच्या घरी मागच्या गॅलरीत ते बसवलं आणि चार रविवारांत सुरी तयार झाली. ताईने भेंडी चिरायला घेतली ती थांबेचना. पाटी रिकामी झाली, तेव्हाच तिने मान वर केली. "बघा, सरळ जातेय," ती म्हणाली. दाजी डोळे पुसत होते. त्या दिवशी आम्ही दोन्ही वेळा भेंडीच खाल्ली.

गेल्या आठवड्यात ताईकडे गेलो. दार उघडंच होतं. गॅलरीतून मशीनचा आवाज येत होता. दाजींनी तिला त्या मशीनला कधी हात लावू दिला नव्हता. दर महिन्याला धार तेच लावायचे. आत जाऊन बघतो तर ताई पदर खोचून उभी, वाकडं मनगट पात्यावर टेकवलेलं. मला बघून तिने स्विच बंद केला.

"धार गेली होती रे," ती म्हणाली. "किती दिवस ह्यांची वाट बघायची?"