गाडी माझी, गिऱ्हाईक ह्यांचं

घाटंजीहून अठरा किलोमीटरवरच्या शाळेत मी बारा वर्षं माझ्या पांढऱ्या गाडीने जात होते. मग बदली होऊन शाळा घरामागच्या गल्लीतच आली आणि गाडी नुसती उभी राहू लागली. विकायचं ठरलं. फोटो ग्रुपवर टाकले, खाली माझा नंबर दिला, किंमत दोन लाख.

फोन मलाच यायचे, पण पहिला प्रश्न असायचा, साहेब आहेत का. साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी चालवता येत नाही. मी एकदा त्यांना शिकवायला घेतलं होतं, तर ते गाडीसकट तुरीच्या वावरात उतरले. तरी आलेला प्रत्येक माणूस त्यांच्याच शेजारी जाऊन बसायचा.

यवतमाळच्या एका दलालाने बॉनेट उघडून त्यांना विचारलं, क्लच प्लेट कधी बदलली. हे थोडा विचार करून म्हणाले, दिवाळीच्या आधी. ती कधीच बदलली नव्हती. मी तसं सांगितलं, तर दलाल त्यांना म्हणाला, वहिनींचा गाडीत फार जीव दिसतो. मग एक लाख वीसवर अडून बसला. हे भिडस्त, मान डोलवायच्या बेतात होते. मी चहाचे कप उचलले आणि बैठक मोडली.

राजूरच्या खाणीत नोकरी करणारा एकजण आला. त्याने साहेबांनाच एक चक्कर मारून दाखवायला सांगितलं. साहेबांची पाठ अचानक दुखू लागली. मी गाडी काढली, तर ते दोघं मागच्या सीटवर बसून सोयाबीनवर बोलत राहिले. उतरल्यावर तो ह्यांना हळूच म्हणाला, बाईमाणसाने चालवलेली गाडी आहे, वीस हजार कमी करा.

नंतरच्या बाजाराच्या दिवशी केळापूरकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सून नर्स, गावोगाव फिरायला तिला गाडी हवी होती. ह्यांनी सवयीने गाडीची माहिती द्यायला सुरुवात केली. म्हातारीने त्यांना हाताने थांबवलं.

"गाडी चालवते कोन?"

"मी," मी म्हटलं.

"मंग तुमी सांगा. हे काहून बोलून राह्यले?"

ह्यांनी पेपर उघडला.

म्हातारीने मला गाडीची चक्कर बाजारापर्यंत मारायला लावली, कारण तिला वांगीही घ्यायची होती. भाव करताना तिने भरलेली पिशवी दोनदा परत केली आणि दोनदा चालायला लागली. दुसऱ्या वेळी वांगीवालीने तिला हाक मारून बोलावलं. मी सगळं नीट बघून घेतलं.

घरी आल्यावर तिच्यापुढे खोटं बोलवेना. मागची डावी काच वर जात नाही, क्लच जड आहे, मी आपणहून सांगितलं. तिने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, एक लाख साठ. मी चावी पर्समध्ये टाकली आणि घरात निघाले. पायरीपर्यंत पोचले.

"अवं मॅडम, परत या." म्हातारी हसत होती. "पंच्याहत्तर. आता चावी काढा."

सह्या झाल्या तेव्हा कळलं, सुनेकडे लायसन्स आहे, पण मोठ्या रस्त्यावर ती कधी गेली नाही. तेव्हा विकलेली गाडी मीच चालवत निघाले. पांढरकवड्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, तशी मी सुनेला स्टिअरिंगवर बसवलं. माझ्या गाडीत मी पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसले होते. सून दुसऱ्या गिअरमध्येच चालली. म्हातारी मागे माझ्या सीटला घट्ट धरून बसलेली. क्लच हळू सोड, हळू, असं मी म्हणत राहिले आणि माझा स्वतःचाच पाय खाली दाबला जात होता. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. गावात पोचून तिने गाडी बंद केली आणि कपाळ पुसलं. मला उगाच तिचं कौतुक वाटलं, आणि थोडी असूयाही.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. परतीच्या एसटीत सुनेचा फोन आला, रिव्हर्स गिअर पडत नाही म्हणून. आवाज नीट येत नव्हता, म्हणून मी ओरडूनच सांगितलं की आधी वर उचल, मग डावीकडे ढकल. शेजारच्या बाई पिशवी उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.