घरात माणसं किती?

आमच्या शाळेचे हेडमास्तर भूगोल शिकवायचे आणि तो त्यांच्या अंगात इतका भिनला होता, की जेवतानाही मला म्हणायचे, "मास्तर, तुमच्या पूर्वेचा तांब्या सरकवा बरं." तंबाखूची पिंक मात्र नेमाने पश्चिमेलाच. तिकडे पाटलाचं घर होतं.

एकदा नागपूरहून खानेसुमारीचा हुकूम आला. गावाची चतुःसीमा त्यांनी एका दमात लिहिली: उत्तरेस घाट, दक्षिणेस नाला. मग दौत धरायला मला घेऊन ते दारोदार निघाले.

"घरात माणसं किती?"

बाया पदर सावरून सांगायच्या, "एकच हाय. वावरात गेला."

संध्याकाळी बेरीज केली तर गाव निम्मंच भरलं. आमच्याकडे बायांच्या तोंडी माणूस म्हणजे बाप्या, हे वऱ्हाडात जन्मूनही हेडमास्तर विसरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "खाणारी तोंडं किती?" गाव एकदम फुगलं, कारण लोकांनी बैलही धरले.

तिसऱ्या दिवशी ते मुकाट्याने एकेकाचं नाव विचारत फिरले. शेवटच्या घरात एक म्हातारी एकटीच राहायची. पहिल्या दिवशी तिच्यापुढे यांनी शून्य मांडलं होतं. आम्हाला पाहून ती तडकली, "सांगतलं ना तुमाले, घरात माणूस नाही! काऊन घडीघडी इचारता?"

हेडमास्तरांनी शून्य खोडलं आणि ठसठशीत एक काढला. "एक लिवला, माय."

म्हातारीने दचकून मागे घरात पाहिलं. "कोन आलं?"

"तू," हेडमास्तर म्हणाले.