वृत्तपत्रनीतीचे प्राध्यापक

रविवार कारंजाजवळच्या एका साप्ताहिकाचे ते संपादक. कुणी बातमी आणली की चष्मा कपाळावर सरकवून विचारत, “स्वतः पाहिलंत?” नाही म्हटलं की कागद परत.

सदतीस साली आमच्या कॉलेजला वृत्तपत्रनीती शिकवायला प्राध्यापक हवे होते. मी तिथं कारकून. या संपादकांच्या मुलाखतीला टिपणं घेत होतो. निवड समितीचे अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, “तुम्ही खोटी बातमी कधी छापली नसेल.”

“छापली आहे. एका मास्तरांविषयी, ऐकीव. नोकरी गेली त्यांची. बदनामी पहिल्या पानावर केली आणि माफी शेवटच्या पानावर, बारीक टायपात. शिकवायला तिथूनच सुरुवात करीन.”

समितीला हे रुचलं नाही. अध्यक्षांनी मला निवेदन लिहायला लावलं: ‘प्रकृतीच्या कारणास्तव संपादकांनी जागा नाकारली.’ ते छापायला द्यायला मी संपादकांकडेच गेलो.

वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर गेला. “स्वतः पाहिलंत?”

“हो.”

“मग खाली सही करा.”

नोकरी मलाही हवी होती. मी सही केली.

पुढच्या अंकात निवेदन पहिल्या पानावर आलं, ठळक टायपात, माझ्या नावासकट. अंक द्यायला ते स्वतः कॉलेजपर्यंत दोन मैल चालत आले. धापही लागली नव्हती.