बंडा वस्ताद पिंजऱ्यात

दुपारचं जेवण अंगावर आलंय. शैला म्हणते, "पडा जरा. त्या मुंबईवाल्याला उठल्यावर काय ते सांगा." डोळा मिटतो तसा पंखा लांब जातो. सांगायचं एवढंच आहे, की तो भरवतो त्या पिंजऱ्यातल्या लढतीत, जिथे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं, मी पुन्हा एकदा उतरणार की नाही. डाव्या डोळ्याचा पडदा फाटला होता, तो डॉक्टरांनी कसाबसा चिकटवलाय. आता एक ठोसा बसला की डोळा गेला. तरी माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही.

मी तालमीत उभा आहे. बंडा वस्ताद मातीच्या हौद्याच्या कडेला बसून भिजवलेले बदाम सोलतायत.

"काय रं यशवंता, सुटलास की लेका," ते माझ्या पोटाकडे बघून म्हणतात.

"वस्ताद, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. तुला काय अडचण?"

मला हसू येतं, आणि रडूही. "वस्ताद, मी थांबू का?" मी विचारतो. आमच्या तालमीत पैलवान आपल्या मनाने थांबत नाही, वस्तादांनी 'आता बास' म्हणायचं असतं. माझे वस्ताद ते न म्हणताच गेले.

ते उठतात, माझ्या पाठीवर माती टाकतात. मी पाऊल टाकतो तर खाली रबरी गादी, चारी बाजूंनी जाळी. पंच नाही, प्रेक्षक नाहीत. मी जाळी चाचपत फिरतो.

"दार कुठंय, वस्ताद?"

"मला काय म्हाईत? तूच आणलंस मला हितं."

पिंजऱ्यात हार मानायची तर समोरच्याच्या अंगावर हाताने थोपटायचं, की तो सोडतो. मातीत तसलं काही नसतं. "चीत झालास तर झालास, पर हार मानायची न्हाई," असं वस्ताद म्हणायचे. म्हणून मी कधीच थोपटलं नाही. कोपर निखळलं तेव्हाही नाही. लोक शिट्ट्या मारत होते आणि मी आतून पार घाबरलो होतो.

वस्ताद भिडतात. म्हातारा माणूस, पण मान धरली की सुटायची सोय नाही. मी कसाबसा निसटून त्यांच्या मागे जातो, आणि सवयीने माझा हात त्यांच्या गळ्याभोवती आवळला जातो. आता तो निघेना. मला सोडायचंय, हात ऐकत नाही.

"वस्ताद, निघत नाही हो!"

त्यांचा श्वास घरघरतो. जाळीपलीकडे आमचं स्वयंपाकघर आहे, शैला पाठमोरी भांडी लावतेय. मी जीव तोडून हाका मारतो, तिला ऐकू जात नाही. तेवढ्यात वस्तादांचा तळवा माझ्या हातावर पडतो. पुन्हा पडतो. पुन्हा. बंडा वस्ताद थोपटतायत.

"तुम्ही, वस्ताद?"

"मग काय मरू व्हय परत?" ते घुसमटत म्हणतात. "सोड लेका. आता बास."

हात सुटतो.

उशी माझ्या कवेत चुरगळलीय. "कुणाशी झोंबत होता?" शैला दारातून विचारते. मी आधी फोन उचलतो आणि त्या मुंबईवाल्याला नाही म्हणून सांगतो. तो कारण विचारत असतानाच फोन ठेवतो. शैला माझा हात धरून खिडकीशी नेते. कोपराखाली जाडजूड बोटं लालभडक उमटलीत.

"अगं बाई! कुणी मारलं एवढं?"

"मारलं नाही," मी म्हणतो. "हार मानली."