तिचा आडवा हात

चालू सामन्यात पंच दुसरीच कुणी असताना बाहेर बसून शिट्टी मारणारी बाई तुम्ही पाहिली आहे? नसेल, तर ती मीच. तेव्हा मी चांगली पन्नाशीची होते, अक्कल मात्र पाळण्यातली.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका. रांग वाकडी, मार शिट्टी. मोजा घसरला, मार शिट्टी. मग ती आली, खेळाचीच नवी शिक्षिका, माझ्याहून बरीच लहान, आणि येताना रग्बी घेऊन आली. माझ्या कबड्डीच्या पोरी एकेक करून तिकडं पळाल्या.

"चिखलात लोळायला म्हशी हायत की, शाळा कशाला?" मी स्टाफरूममध्ये म्हणायची. खरं तर पोटात आग. मधल्या सुट्टीत पोरी तिच्या डब्यावर तुटून पडायच्या आणि मी माझी मेथीची भाजी एकटीच चावत बसायची.

तिचं पंच म्हणून वागणंही तुमच्या-माझ्या ओळखीतलं नव्हतं. पूर्वी म्हणे पोरींच्या ढिगाखाली चेंडू दाबून खुशाल वेळ काढता यायचा. नंतर नियम आला: पंचानं हाक दिली की पाच सेकंदांत चेंडू बाहेर. ती ढिगावर वाकून ओरडायची, "काढ की गं भाईर! अंडी उबवत्यास व्हय?" खेळ असा सुटायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं की ती टेबलाखाली एकेक करून पाच बोटं मिटायची. मला हसू यायचं आणि हसले म्हणून माझाच राग यायचा.

तिची दुसरी खोड म्हणजे फाऊल दिसला तरी शिट्टी न मारणं. ज्यांच्यावर फाऊल झाला त्यांच्या बाजूला हात आडवा धरायचा आणि त्यांच्यासोबत पळत राहायचं. त्यांचं साधलं तर उत्तम, नाही साधलं तर मागं फिरून पेनल्टी. "बाई, चूक एकीची, आन् थांबायचं दुसरीनं व्हय? चालू दे की," ती मला समजावायची. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघायची.

तर कागलच्या शाळेबरोबर सामना होता. बाहेरचा पंच मिळेना, तेव्हा पावण्यांनीच सांगितलं, "तुमच्या रग्बीच्या बाईच चालतील, त्या कुणाची बाजू घेत न्हाईत." ऐकून मी आणखी पेटले.

आमच्या पोरी तोवर एकही सामना जिंकल्या नव्हत्या. त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला फक्त दोन गुणांनी मागं होत्या. कागलच्या एकीनं आमच्या पोरीला मानेला धरून खेचलं. पडता पडता तिनं चेंडू मागच्या पोरीकडे फेकला, ती सुटली, आणि पुढं सगळं मैदान मोकळं. रेषेपलीकडं चेंडू टेकवला की सामना आमचा. पंचीणबाईंचा हात आडवा, शिट्टी गप्प. मला दिसली फक्त ती मान. म्हटलं, सापडली! हिला फाऊलच दिसला नाही! पर्समधून शिट्टी काढली आणि फुंकली. मोठ्ठी.

कागलच्या पोरी थांबल्या नाहीत. त्यांचा डोळा पंचाच्या हातावर, त्यांना माझी शिट्टी कुठली ठाऊक? आमच्या पंधराच्या पंधरा मात्र सकाळच्या कवायतीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. रेषेजवळ पोचलेली सुद्धा. मागून कागलच्या एकीनं येऊन तिच्या हातातला चेंडू अलगद काढून घेतला.

मग खरी शिट्टी वाजली. तिनं खेळ मागं आणून आम्हाला पेनल्टी दिली. घाबरलेल्या पोरींच्या हातून चेंडू निसटला आणि सामना गेला. पोरी रडल्या. माझ्याकडे एकीनंही बघितलं नाही.

ती आता कोल्हापुरात नाही. नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. माझ्या नजरेसमोर येते ती त्या संध्याकाळची, बाकावर माझ्याशेजारी येऊन बसलेली, बुटांचा चिखल काढणारी. मी शिव्यांची वाट बघत होते. तिनं दुसरा बूट हातात घेतला. मग बुटाकडेच बघत म्हणाली,

"बाई, माझ्यासाठी पोरी जीव तोडून पळत्यात. पर तुमच्या शिट्टीला त्या जिंकायचं सोडून थांबल्या. लई जळतो बघा मी तुमच्यावर."