गंगटोकला गेलो आणि तिथलेच झालो

जून लागला की मालवणजवळच्या आमच्या देवबागेत पर्यटन बंद. होड्या ओढून माडांखाली आणतात, त्यांच्यावर ताडपत्र्या पडतात आणि आमच्या निवासाच्या चारही खोल्यांना कुलपं लागतात. यंदा शेवटचे पाहुणे गेले त्या दुपारी मी नवऱ्याला, सुहासला, सांगितलं की आता मला कुणाकडे तरी पाहुणी म्हणून जायचंय. पैसे देऊन राहायचं आणि चहा मिळाला नाही तर भांडायचं.

"माहेराक जा," तो म्हणाला.

"माहेराक गेलंय तरी भाकऱ्यो मियाच भाजतंय."

हे त्याला पटलं. मग त्यानेच गंगटोक शोधलं. डोंगरातली छोटीशी राजधानी, थंड हवा, आणि पावसात खोल्या निम्म्या दरात. निम्म्या दरात का, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता, कारण हंगाम उतरणीला लागला की आम्हीही तेच करतो. पण पाहुणा व्हायचं ठरवलं की माणसाची अक्कल पाहुण्यासारखीच होते.

कुडाळहून मुंबई, मुंबईहून न्यू जलपायगुडी. स्लीपरने गेलात तर स्वस्तात होतं, फक्त दोन दिवस गाडीत काढायची तयारी हवी. आम्ही तिखट पुऱ्या आणि खटखटे लाडू नेले होते. त्याशिवाय सुहासने एका डब्यात घरचा मसाला, कोकम आणि सुका जवळा भरला होता. हॉटेलात राहणाऱ्या माणसाला मसाला कशाला, असं मी विचारलं. "असांदे," एवढंच तो म्हणाला.

न्यू जलपायगुडी स्टेशनाबाहेर शेअर जीप मिळतात. माणशी चारेकशे घेतले. शक्य असेल तर चालकाशेजारची जागा मागून घ्या, मागच्या बाकावर गुडघे हनुवटीला लागतात. तिस्ता नदी सगळा रस्ता सोबत असते. पावसात ती मातकट होऊन अशी धावत होती की सुहास, जो भर वाऱ्यात होडी हाकतो, डोळे मिटून बसला.

गंगटोक हे उभं शहर आहे. आमच्या देवबागेत सगळ्यात उंच काय, तर माड. इथे शेजाऱ्याकडे साखर मागायला जायचं तरी जिना. मुख्य बाजाराच्या रस्त्यावर, एमजी मार्गावर, गाड्यांना बंदी आहे, मधोमध बाकं आणि फुलांच्या कुंड्या. त्या बाकांवर बसायला पैसे पडत नाहीत, आणि कोपऱ्यावरच्या छोट्या उपाहारगृहात वाफाळते मोमो स्वस्तात पोटभर मिळतात.

आमची खोली बाजाराच्या बरीच खाली, पेमा नावाच्या बाईंच्या घरात होती. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, हिंदी मोडकी पण आवाज मायाळू. आम्ही पोचलो ते नखशिखांत भिजून. बॅगेतले कपडेही ओले. पेमांनी मला त्यांचा बाखू दिला. बाखू म्हणजे तिथल्या बायकांचा पायघोळ पोशाख. सुहासला त्यांच्या दिवंगत नवऱ्याची लोकरी टोपी मिळाली. वर लोणी घातलेला खारट चहा. मी पलंगावर मांडी घालून तो प्यायले आणि म्हटलं, हेच ते सुख.

ते सुख दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं. पेमांच्या लेकीचं सासर सिलिगुडीला. पहिलं बाळंतपण, दिवस भरायला वेळ होता, पण पहाटे फोन आला की कळा सुरू झाल्या. पेमा निघाल्या. जाताना किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "शाम को एक बूढ़ा-बूढ़ी आएगा. सिर्फ दरवाज़ा खोल देना. कल मैं आ जाएगी."

संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. म्हातारा-म्हातारी आली आणि त्यांच्या पाठोपाठ रस्त्यावर दरड कोसळून वाट बंद झाली.

दार मी उघडलं. अंगात बाखू, मागे टोपीवाला सुहास. समोर छत्री सावरत एक काका आणि काकू. काकांनी हात जोडले आणि काकूंकडे वळून खणखणीत मराठीत म्हणाले, "बघ, किती प्रसन्न चेहरा! पहाडी लोकच निराळे."

मी तोंड उघडणार, इतक्यात सुहास मागून कुजबुजला, "अगो, पावण्यांका चाय दी. साखर खंय आसा?"

"माका काय विचारतंस? तुझ्या आवशीचा घर आसा काय ह्या?"

काका थबकले. डोळे चमकले. "ऐकलंस? काय गोड भाषा आहे!"

ती दोघं जळगावची. काका वीज मंडळातून नुकतेच निवृत्त झालेले. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण मराठी माणसाला परमुलखात मराठी माणूस भेटला की काय होतं ते मला धंद्याने शिकवलंय. गाव निघतं, नातं निघतं, मग थालीपीठ निघतं. मला फक्त दार उघडायचं होतं. मी हसून मान हलवली आणि तिथेच फसले.

दुसऱ्या सकाळी पेमा येणार नव्हत्या, हे उघड होतं. रस्ता कधी मोकळा होईल कुणालाच ठाऊक नव्हतं. वर धुकं इतकं की कांचनजंगा कुठल्या बाजूला आहे यावरही एकमत नव्हतं. काका खाली येऊन टेबलाशी बसले, नॅपकिन मांडीवर पसरला आणि माझ्याकडे बघू लागले. ही नजर मी पंधरा वर्षं ओळखते. हात आपोआप पिठाच्या डब्याकडे गेले. तांदळाचं पीठ होतं. घावणे घातले.

काकांनी पहिला घास खाल्ला आणि गंभीर झाले. "गेल्या वर्षी मालवणला अशीच वस्तू खाल्ली होती. पण तिथले अगदी रबर. मूळ पदार्थ इथलाच असणार. तिबेटातून गेला असेल खाली कोकणात."

स्वयंपाकघरात सुहासने तोंडात रुमाल कोंबला. मी मात्र पेटले होते. "रबर? मालवणात खंय खाल्ल्यान ह्यानी?"

"गप रव. ऐकतीत."

ऐकत होतेच. दुपारपर्यंत काकांनी आमचं बोलणं लक्ष देऊन ऐकून सिद्धांत मांडला होता की सिक्कीमच्या भाषेत मराठीचे पुष्कळ शब्द आहेत. "माका, तुका, आसा," ते बोटांवर मोजत होते. "हा योगायोग नाही." संध्याकाळी कोकमाचं पातळ सार, तिवळ, दिलं, तर म्हणाले, इथल्या रानात लाल फळ होत असणार. गंगटोकच्या लाल बाजारातून मी निंग्रो आणली. ही नेच्याची कोवळी, गोल वळलेली भाजी, पावसात तिथे मुबलक मिळते. ती मसाला आणि जवळा घालून परतली. काकांनी तीनदा वाढून घेतली. काकू माझ्याकडे बघत सावकाश जेवल्या.

त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर मी सुहासवर उखडले. आठ दिवसांसाठी आले, आजचा अख्खा दिवस चुलीपाशी गेला, आणि वर माझ्या घावण्यांचं श्रेय तिबेटला. "उद्या सांगून टाकतंय. पावणी म्हणान इलंय, आचारीण म्हणान नाय."

तेवढ्यात पेमांचा फोन आला. मुलगी झाली होती, पण लेकीची तब्येत नाजूक. तरीही त्या सकाळी निघणार होत्या. दरडीच्या अलीकडे जीप, मग चिखलातून चालत पलीकडे, पुन्हा जीप. लोक जात होते तसे. "मेरा गेस्ट है, आप क्यों करेगा," असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. ह्या महिन्यात आमच्याखेरीज त्यांच्याकडे आलेली तेवढीच गिऱ्हाइकं. ती चिडून गेली तर काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. आणि दरड पायी ओलांडणारी पन्नाशीची बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"बेटी के पास रुको," मी म्हटलं. "हमारा भी यही काम है. घर सँभालती हूँ."

मग मी खरंच सांभाळलं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात माणूस जेवढा कळतो तेवढा समोर बसून कळत नाही. पेमा सगळ्या डब्यांवर झाकण दोऱ्याने बांधतात. मिरच्यांचं लोणचं हाताशी, साखर सगळ्यात वरच्या फळीवर, कारण बहुधा त्यांनाच ती वर्ज्य आहे. आणि सगळ्यांचे पेले एकसारखे, फक्त एक जुना, कान तुटलेला कप बाजूला पालथा ठेवलेला. तो माझ्याही घरी आहे. घरातल्या बाईचा.

काकांना निघायच्या आदल्या दिवशी मी भांडी घासत होते, तर काकू आत आल्या, पदर खोचला आणि शेजारी विसळायला लागल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "मालवणच्या ना तुम्ही?"

माझ्या हातातून झारा निसटला.

"पहिल्याच दिवशी कळलं. तो मसाला मी गेल्या वर्षी किलोभर नेला होता हो."

"मग बोलला का नाहीत?"

काकूंनी बाहेर पाहिलं. काका खिडकीपाशी बसून स्वतःशीच पुटपुटत होते, "खंय गेलंस. खंय गेलंस." "निवृत्त झाल्यापासून हे तोंडातून शब्द काढत नव्हते," त्या म्हणाल्या. "टीव्हीसमोर नुसते बसून. म्हणून ओढून आणलं इथे. आता दिवसभर बोलतात. मला झोपेतून उठवून म्हणाले, 'आसा' म्हणजे 'आहे'. त्यांना कशाला सांगायचं? एक दिवस उरलाय. राहू दे ना तुमचं सिक्कीम."

आम्ही दोघी हसत सुटलो. मग का कोण जाणे, काकूंनी डोळे पुसले आणि मी त्यांना खटखटे लाडवांमधला शेवटचा लाडू दिला.

रस्ता एकेरी सुरू झाला. निघताना काका दारात ताठ उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि शुद्ध सिक्कीमी भाषेत म्हणाले, "माका बरां वाटलां."

सुहासला गहिवरून आलं. "परत येवा," तो म्हणाला. जीपपाशी जाऊन काकांनी चालकालाही तेच ऐकवलं. तो नुसता बघत राहिला. "दुसऱ्या जमातीचा दिसतोय," काका काकूंना म्हणाले आणि आत बसले.

त्याच दुपारी पेमा आल्या, चिखलाने माखलेल्या, फोनमध्ये नातीचे फोटो घेऊन. आम्हाला त्यांनी एक पैसा काढू दिला नाही. उरलेला दीड दिवस मी पलंगावर चहा प्यायले. खारट चहाची सवय झाली की चांगला लागतो. त्सोमगो तलावाचा परवाना हवामानामुळे निघाला नाही, रोपवे धुक्यात बंद. तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरात जा. पर्वत दिसतात म्हणे.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय पाहिलंस? मी म्हटलं, एक स्वयंपाकघर. त्यांना वाटलं, ट्रिप वाया गेली. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं.

मग परवा वेंगुर्ल्याला भाचीचा साखरपुडा होता. ऐन निघायच्या वेळी कोल्हापूरचं एक तरुण जोडपं दारात. पाऊस बघायला आलेले, खोली हवी म्हणाले. एरवी मी साखरपुडा सोडला असता. सुहास तर पायातल्या चपला काढायलाही लागला होता. मी त्या मुलीच्या हातात किल्ल्या ठेवल्या, दूध फ्रीजमध्ये आहे म्हणून सांगितलं आणि गाडीत जाऊन बसले.

वेंगुर्ल्यात मी आयुष्यात प्रथमच पहिल्या पंगतीला बसले. पानात वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, सोलकढी. दोन घास घेतले आणि फोन वाजला. ती मुलगी घाबरत विचारत होती, "काकू, साखर कुठे ठेवलीय?"

"शोध, गावतली," मी म्हटलं, आणि वाढपिणीला हाक मारून आणखी दोन वडे घेतले.